आटलेलं अस्तर

"डावीकडची कॅप्सूल आवळायला लागलीय, ताई," डॉक्टर म्हणाले आणि मी पर्समधून गोळ्यांचा डबा काढला.

डब्याला सोमवार ते रविवार असे सात कप्पे. त्यात कॅप्सूल अशी एकच, पित्ताची, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ती पुढे करून मी म्हटलं, "हीच ना? ही मी कधी चुकवत नाही." डॉक्टरांनी हसू आवरलं. शेजारच्या खुर्चीतल्या आमच्या यांना ते आवरलं नाही. मग डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागं एक गोल काढला, त्याच्याभोवती दुसरा काढला आणि बाहेरचा गोल पेनानं गिरवत राहिले. "आतला गोल म्हणजे आम्ही बसवलेलं इम्प्लांट. बाहेरचा गोल तुमच्या शरीरानं विणलाय. त्याला आम्ही कॅप्सूल म्हणतो."

ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं होतं. किमो झाली होती, शेक झाले होते, केस कानापर्यंत आले होते. आणि आपल्या आत काहीतरी विणलं जातंय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.

शेक म्हणजे रेडिओथेरपी. आमच्याकडं कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट म्हणतं. किरणोपचार हा शब्द दवाखान्याच्या पाटीवरच राहतो. या 'शेक' शब्दानं पुढं मला चांगलाच इंगा दाखवला, ते सांगतेच.

मी कराडची. बावीस वर्षं घरी ब्लाऊज शिवते. त्यामुळं खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या आधी ही गोष्ट माझ्या टेपला कळली होती. शेक संपल्यावर मी स्वतःसाठी एक साधा रुबियाचा ब्लाऊज शिवला होता. माप घेतलं तेव्हा खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत उजवी बाजू दहा इंच आणि डावी पावणेदहा. इम्प्लांट थोडं वर बसतं, हे तेव्हा सांगितलं होतं, म्हणून पाव इंचाचा फरक मी मनावर घेतला नाही. गौरी-गणपतीत तोच ब्लाऊज घातला तर डावीकडं टक्सच्या खाली झोळ आणि वर मुंढ्याकडं ताण. आधी वाटलं, कापड आटलं. पण कापड आटलं तर दोन्हीकडं आटेल. टेप लावली: साडेनऊ. दिवाळीच्या आसपास सव्वानऊ. हात लावला तर उजवीकडं मऊ आणि डावीकडं जरा जास्त भरलेली उशी दाबावी तसं. दुखत नव्हतं. डावा हात वर करून वरचा डबा काढताना मात्र आत कुणीतरी शिवण ओढून धरल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानावर मी स्वतःचं माप तारखेसकट लिहून ठेवलं होतं. ते पान डॉक्टरांनी मोबाइलमध्ये फोटो काढून घेतलं. मला उगाच अभिमान वाटला.

पण गोलाचं कोडं काही सुटेना. शरीर विणतं म्हणजे काय? डॉक्टर म्हणाले, अंगात बाहेरची कुठलीही वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती वणाच्या ऊतीचा पातळ पडदा तयार करतं. हृदयाच्या पेसमेकरभोवतीही करतं. हा काही रोग नाही, प्रत्येकीत होतो. पडदा पातळ आणि सैल राहिला तर बाईला पत्ताही लागत नाही. काही जणींत मात्र तो जाड होतो, आखडतो आणि आतल्या मऊ पिशवीला सगळीकडून दाबतो. पिशवी तीच असते, फुटलेली नसते, कडक झालेली नसते. कडक लागतं ते भोवतीचं आवरण आवळल्यामुळं.

"म्हणजे अस्तर आटलं," मी म्हटलं.

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांना मी समजावून सांगितलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा मला जरा हुशार वाटलं. सुती अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं. वरचं सिल्क जसंच्या तसं असतं, पण आतलं अस्तर त्याला ओढून धरतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सिल्क खराब निघालं. इस्त्री कितीही फिरवा, चुण्या जात नाहीत. ते म्हणाले, "हेच. आता हे मी बाकीच्यांनाही सांगत जाईन."

या आटण्याच्या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. बेकर नावाच्या अमेरिकी सर्जननं १९७०च्या दशकात त्या पाडल्या आणि आजही डॉक्टर तेच आकडे बोलतात. पहिलीत हाताला मऊ लागतं. दुसरीत हाताला घट्ट, पण बघून कळत नाही. तिसरीत घट्ट आणि आकारही बिघडलेला, बहुतेक वर सरकलेला. चौथीत कडक, वेडंवाकडं आणि दुखणारं. मी दुसरी सोडून तिसरीच्या उंबऱ्यावर. त्याच दिवशी सोनोग्राफीही झाली. घट्ट लागलं म्हणजे कॅप्सूलच असणार असं धरून चालायचं नसतं, आजार परत आलाय का आणि भोवती पाणी साठलंय का हे बघावंच लागतं. ते दोन तास कसे गेले ते लिहीत नाही. तसं काही निघालं नाही.

माझा सगळ्यात भाबडा प्रश्न त्यानंतरचा: "मग हे होऊ नये म्हणून मी काय करायला हवं होतं?"

डॉक्टर जरा थांबले. मलाही थांबून मागं जावं लागेल.

गाठ निघाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची. पुण्यात हडपसरला माझ्या नणंदेकडं उतरलो. वन्सं म्हणाल्या, "पैशाचं बघू, आधी डॉक्टर बघू." कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्तन काढावा लागेल असं सांगितलं आणि प्लास्टिक सर्जनकडं पाठवलं. तिथं दहा मिनिटांत तीन पर्याय ऐकले. एक, आत्ता काहीच नको, नंतर बघू. दोन, पोटाची चरबी-कातडी किंवा पाठीचा स्नायू आणून तिथं बसवायचा. ऑपरेशन लांब, टाके दोन ठिकाणी. तीन, त्याच टेबलावर छातीच्या स्नायूखाली इम्प्लांट. मला लवकर मशीनवर बसायचं होतं. लग्नसराई तोंडावर होती, पाठीला आणि पोटाला आणखी टाके नको होते. मी तीन नंबर म्हटलं.

त्या दहा मिनिटांत सर्जननी एक वाक्य नक्की उच्चारलं होतं. यांनाही आठवतं: "पुढं शेक द्यायची वेळ आली तर आकार थोडा बिघडू शकतो." मी ते ऐकलं होतं, पण माझी गिऱ्हाइकं ऐकतात तसं. "पहिल्या धुण्यात रंग थोडा जाईल हं," असं मी प्रत्येकीला सांगते. एकीनंही ते आजवर ऐकलेलं नाही. डोक्यात गाठ असताना आकार कुणाच्या लक्षात राहतो? आणि तेव्हा शेक लागणार हे कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. ते ऑपरेशननंतरच्या रिपोर्टनं ठरवलं. काखेतल्या चार गाठींत आजार उतरलेला निघाला, मग पाच महिने किमो आणि त्यानंतर शेक.

तर डॉक्टर थांबले ते यासाठी. ते म्हणाले, कॅप्सूल आवळायला कारणं बरीच असतात. आत रक्त साकळलेलं राहिलं, इम्प्लांटवर जंतूंचा बारीक थर बसला, तरी होतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटला हात लावण्याआधी हातमोजे बदलतात, आतली जागा जंतुनाशकानं धुतात, पिशवीला शक्य तितका कमी स्पर्श करतात. ते सगळं त्यांच्या हातात. तंबाखू-मिश्रीचं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कारण तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही. (मी हो-नाही करता करता मिश्री कबूल केली होती आणि सोडलीही होती. सासूबाईंनी नाही सोडली, पण त्यांचं ऑपरेशन नव्हतं.) या सगळ्यांपुढं शेक हे कारण मात्र फार जड. शेक घेतलेल्या बायकांत कॅप्सूल आवळण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

का, ते मला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शेकाच्या विभागातल्या. आपल्याला जखम झाली की तिच्या कडा एकमेकींकडं ओढून आणणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यात स्नायूसारखी ओढ असते. जखम मिटली की त्यांनी काम संपवून जायचं असतं. शेकामुळं त्यांना घरी जायचा निरोपच मिळत नाही. त्या धागे तयार करत राहतात, ओढत राहतात, वरून बारीक रक्तवाहिन्याही कमी झालेल्या असतात. आणि हे शेक संपल्यावर थांबत नाही, महिनोन् महिने, काहींत वर्षानुवर्षं चालतं. कातडी लाल होते ती दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणून आपल्याला वाटतं संपलं. माझं तसंच झालं होतं.

माझे शेक पंधरा. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, एकूण ४० ग्रे. पूर्वी पंचवीस देत. डावी बाजू असल्यानं मशीन चालू असताना श्वास भरून धरायला लावत, म्हणजे छाती फुगते आणि हृदय किरणांपासून लांब राहतं. स्पीकरमधून आवाज यायचा, "श्वास घ्या... धरा..." आणि मी सुईत दोरा ओवताना धरते तसा धरायचे. त्याच बाईंना मी विचारलं होतं, तेवढं इम्प्लांट चुकवून शेक देता येत नाही का? त्या म्हणाल्या, "जिथं आजार उरला असेल अशी शंका आहे, तीच ती कातडी आणि तोच तो स्नायू. तो भाग चुकवला तर शेक कशाला द्यायचा?" डोस सगळीकडं सारखा पडेल, एका जागी जास्त साचणार नाही, एवढंच त्यांच्या हातात. आकारासाठी शेक नको म्हणणारी एक बाई मला तिथल्या बाकावर भेटली होती. तिला मी काही बोलले नाही, बोलायला हवं होतं.

बाकाबद्दल लिहायलाच हवं. शेकाच्या रांगेतला बाक हे एक वेगळंच विद्यापीठ. तिथं कोरफड, आंबेहळद, लोण्यात कालवलेलं काहीबाही आणि एरंडेल यांचे पाठ होतात. एकीनं मला दम्याची गोळी सुचवली. ती तिच्या जावेला 'आतला वण मऊ पडायला' दिली होती म्हणे. मी नाव लिहून घेतलं: माँटेलुकास्ट. नंतर डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, त्यावर थोडे अभ्यास झालेत हे खरं, पण ही गोळी या कामासाठी मंजूर नाही. शिवाय तिच्यानं काहींच्या मनावर परिणाम होतो म्हणून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय. त्याच जातीच्या दुसऱ्या एका गोळीनं लिव्हरला त्रास होऊ शकतो. "बाकावरून प्रिस्क्रिप्शन घेऊ नका," असं म्हणाले. पण बाकावर बसायला लावता तुम्हीच दोन-दोन तास, हे मी मनात म्हटलं.

आता तो इंगा. सव्वानऊ इंच झाल्यावर आणि डॉक्टरांची तारीख मिळायच्या आधीच्या आठवड्यात मी स्वतःच उपाय चालू केला. आखडलेल्या पाठीला आपण काय करतो? एरंडेल चोळतो आणि गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतो. शेकानं आखडलं तर शेकानंच सुटेल असलं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं असणार. रात्री पिशवी डाव्या बाजूला ठेवून मालिका बघत बसले. छान वाटत होतं म्हणायचं तर तेही नाही, काहीच वाटत नव्हतं. आणि तीच तर मेख होती. स्तन काढताना कातडीच्या नसा तुटतात, तिथं गरम-गार कळत नाही. हे पाणी द्यायला आले आणि म्हणाले, "अगं, लाल झालंय किती!" सकाळी रुपयाएवढा फोड. शेक घेतलेली कातडी भरायला वेळ लावते. माझा फोड बरा व्हायला पाच आठवडे लागले, आणि तिथून जंतू आत इम्प्लांटपर्यंत गेले असते तर सगळंच काढावं लागलं असतं. डॉक्टर ओरडले नाहीत. नर्स ओरडली, आणि तिनं ओरडलेलंच माझ्या लक्षात राहिलं.

चोळण्याबद्दलही तिथंच ऐकलं. माझं इम्प्लांट गुळगुळीत पृष्ठभागाचं, त्यामुळं हलक्या हातानं ते आतल्या जागेत वर-खाली, आत-बाहेर सरकवायचं, असं पूर्वीपासून सांगतात. पण त्यानं कॅप्सूल आवळायची थांबते याचा भक्कम पुरावा नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला तर तसं सरकवायचंच नसतं, ते चिकटून बसावं म्हणूनच खरखरीत केलेलं असतं. खरखरीवर कॅप्सूलचे धागे एका रांगेत लागत नाहीत आणि ओढ कमी बसते, असा त्यामागचा हिशोब. साटीन आणि खादीचा फरक जाणणाऱ्या बाईला हे पटकन समजलं. पुढं काही खरखरीत इम्प्लांटभोवती क्वचित एक वेगळाच कॅन्सर होतो असं दिसलं, आणि २०१९ मध्ये एका कंपनीला तिचा तसला माल जगभरातून परत घ्यावा लागला. म्हणून माझ्या सर्जननी गुळगुळीत निवडलं होतं. एक बाजू सांभाळायची तर दुसरी उसवते.

आणखी एक उपाय ऑपरेशनच्या वेळीच करता आला असता. माणसाच्या किंवा डुकराच्या कातडीतल्या पेशी धुऊन काढून तिची जाळी उरवतात, आणि इम्प्लांटला ती गुंडाळतात. त्यानं आवळणं कमी होतं असं दिसलंय. म्हणजे अस्तराला आणखी एक अस्तर. खर्च ऐकून आम्ही तो विषय सोडला होता. घरी सासूबाईंना मी चुकून डुकराचं बोलले. माळकरी बाई, त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "नाही घेतलंस तेच बरं केलंस."

गोळ्यांचं आता चालू आहे. पेंटॉक्सिफायलिन नावाची गोळी, जी पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी देतात, आणि जोडीला व्हिटॅमिन ई. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला, शेकामुळं कडक झालेल्या जागांवर ही जोडी सहा महिने दिली तर कडकपणा कमी झाला. बायका होत्या फक्त २४, आणि तो कडकपणा कातडीचा आणि तिच्याखालचा, इम्प्लांटच्या कॅप्सूलचा नव्हे. हे डॉक्टरांनी मला स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं. "देऊन बघू, वचन देत नाही," म्हणाले. लवकर बंद केलं तर परत कडक होऊ शकतं, म्हणून सहा महिने तरी घ्यायची. जेवणानंतर, नाहीतर मळमळ. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का ते आधी विचारलं, आणि कुठलंही ऑपरेशन किंवा दात काढायचा असला तरी कळवायला सांगितलं.

व्यायामाची बाई मात्र माझी लाडकी. ती म्हणाली, व्यायामानं कॅप्सूल थांबेल असं मी म्हणत नाही, पण शेक घेतलेला स्नायू पण आखडतो आणि खांदा धरला तर दोन दुखणी होतील. रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचा. मी शिलाईचा खडू घेऊन भिंतीवर रेघ मारते. पहिली रेघ कपाळाच्या उंचीची होती. आता स्विचबोर्डच्या वर गेलीय. हे म्हणतात, रंग द्यायला लागेल.

हे सगळं करून मला उमगलं ते असं. चोळणं, तेल, गोळ्या, हे सगळं कापड शिवून झाल्यावरचं. टाळायचं असेल तर त्यातलं बरंचसं कापायच्या आधी ठरतं: शेक लागायची शक्यता किती, लागले तर इम्प्लांट आत्ता बसवायचं की शेक संपल्यावर बघायचं, की स्वतःच्याच पोटा-पाठीचं घ्यायचं, ज्यात परकी वस्तूच नसल्यानं ही कॅप्सूलच नसते. त्यालाही आपापले तोटे आहेत, आणलेला भागही शेकानं आकसू शकतो. तरी मला ते ऐकायला एक अख्खा दिवस हवा होता. दहा मिनिटं मिळाली. मागच्या महिन्यात ओगलेवाडीची एक बाई नऊवारीवरच्या ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि टेप छातीवरून नेताना रडायला लागली. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "शेक लागले तर काय, हे विचार. आणि उत्तर ऐकून घेतल्याशिवाय उठू नकोस." तिनं मापाच्या वहीतला कागद मागितला आणि त्यावर लिहून नेलं.

माझ्यापुढं आता दोन रस्ते आहेत. सहा महिन्यांनी माप तिथंच थांबलं, दुखलं नाही, तर आहे तसं राहू द्यायचं. वाढलं तर परत टेबलावर: आटलेली कॅप्सूल काढायची आणि पाठीचा स्नायू आणायचा, म्हणजे शेक न लागलेली, रक्तपुरवठा असलेली ताजी ऊती तिथं येईल. नुसती कॅप्सूल काढून नवं इम्प्लांट ठेवलं तर शेक घेतलेल्या जागी पुन्हा तेच व्हायची भीती. मधला एक मार्गही आहे, पोटाची चरबी सुईनं थोडी थोडी तिथं सोडायची. शेक घेतलेली कातडी त्यानं सुधारते असं इटलीतल्या सर्जननी २००७ मध्ये दाखवलं. माझ्या पोटावर त्यासाठी माल भरपूर आहे, हे मी डॉक्टरांना म्हटलं, तेव्हा तेही हसले.

वैशाखात पुतण्याचं लग्न आहे. माझं पैठणीचं ब्लाऊजपीस काढलंय. अस्तर रात्रभर बादलीत भिजवलं, सावलीत वाळवलं, मग कापलं. शिवणीत दोन्हीकडं नेहमीपेक्षा जास्त माया ठेवलीय. उजवा टक्स दहावर पक्का शिवून टाकला. डाव्याला सव्वानऊवर नुसता धावदोरा घातलाय. डॉक्टरांची तारीख लग्नाच्या आठ दिवस आधीची आहे, टेप लावून बघीन आणि मग मशीन मारीन.